पत्र्याखालचा उसासा

जळगाव, मेहरूण
१४ जून २०२४

भाऊ,

तुझा पत्ता पारोळ्याच्या एका माणसाने दिला. त्याने धुळ्याला तुझ्याकडून मोटार रिवाइंडिंग करून घेतली होती आणि दुकानाच्या पाटीचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होता. पाटीवर तुझं नाव नाही. जीवराम इलेक्ट्रिकल्स. आबांचं नाव तसं रंगवलेलं पाहून मी बराच वेळ फोन हातात धरून बसले. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

आई बरी आहे. जेवते, बोलते, केळीत मजूर असले की त्यांच्यावर ओरडते. पण रोज दुपारी विहिरीवर जाऊन बसते. आबा गेले त्या वर्षी लोकांनी विहिरीच्या तोंडावर पत्रे टाकून वर दगड ठेवले, ते अजून तसेच आहेत. आई म्हणते, पत्र्याखालून आबांचा श्वास ऐकू येतो. मी इतकी वर्षं तिला वारा आहे म्हणून सांगत आले. मे महिन्यात गेले होते तेव्हा तिने माझा हात धरून मला तिथे बसवलं. वारा अजिबात नव्हता. केळीचं पान हलत नव्हतं. आणि पत्र्याच्या फटीतून गार, ओलसर हवा माझ्या गालावर आली. सावकाश, न थांबता. कुठलाही माणूस इतका लांब श्वास सोडू शकत नाही. मी उठून उभी राहिले. आई मात्र तशीच बसून होती, माहेरच्या माणसाशी बोलायला बसावी तशी.

मी सध्या काय काम करते ते तुला माहीत नसेल. पाणी जमिनीत कसं मुरतं, याचं मी संगणकावर गणित मांडते. जमिनीचे पातळ पातळ थर करायचे, वरच्या थरातून खालच्यात किती पाणी उतरलं ते काढायचं, मग त्याच्या खालच्यात, असं तळापर्यंत. गेल्या वर्षी सातपुड्याच्या पायथ्याचे पाझर तलाव घेतले. माझं गणित सांगत होतं त्याच्या निम्मंही पाणी मुरत नव्हतं. माझ्या मार्गदर्शक चारुलता मॅडम म्हणाल्या, "पाणी आत जातं ते ठीक. पण तिथे आधीपासून असलेली हवा कुठे जाते?" आम्हाला शिकवलेल्या गणितात हवा आपोआप बाजूला होते असंच धरलेलं असतं. निमुळत्या तोंडाच्या बाटलीत पाणी ओतलं की ते अडतं, गुडगुडतं, कारण हवेला वाट नसते. जमिनीवर सगळीकडे पाणी उभं राहिलं तर खालची हवा कोंडते. मग दाबली जाते. मग वाट शोधते. मॅडमसमोर उभी असताना मला आपली विहीर आठवली.

आबा गेले त्या दिवशी मी जळगावला होस्टेलवर होते. मला माहीत आहे ते सगळं गावाने सांगितलेलं. विहीर कोरडी, तळात बोअर. आबा बोअरच्या पाइपाचा जोड आवळायला उतरले. हाक मारली तर ओ आली नाही. चुडामण, तुझा जिवाचा मित्र, त्यांच्यामागे उतरला. तोही गप्प झाला. मग तू उतरलास आणि अर्ध्यातून वर आलास. दोन प्रेतं बाहेर काढली आणि आईने सगळ्यांसमोर तुला विचारलं, तू काहून वर आला? तिने दुसरं काही विचारलं नाही. त्यानंतर तू गावात दिसला नाहीस.

मी तुला ते विचारत नाही. एवढंच सांग, त्या दिवशी आपल्या वावरात पाणी उभं होतं का? रावेरच्या पावसाच्या नोंदीत तेव्हा नुसती रिमझिम आहे.

ज्योत्स्ना

घरी
२१ जुलै

भाऊ,

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणून पुन्हा लिहिते.

मी पत्र्याच्या भोकातून विहिरीत हवेचा दाब मोजणारं यंत्र सोडलंय आणि एक वरती, खांबावर बांधलंय. दुपार कलली की बाहेरच्या हवेचा दाब किंचित उतरतो आणि विहीर हवा सोडते. सकाळी दाब चढतो, तेव्हा ती हवा आत ओढते. खालच्या वाळूत आणि गोट्यांत केवढी तरी हवा भरलेली आहे, आणि तिला जायला-यायला आपली विहीर हे एकच नाक आहे. आईला मी आलेख दाखवला. तिने चष्मा लावून नीट पाहिला.

"दुपारी सोडते, सकायी घेते," ती म्हणाली. "मी तुले सांगत नव्हती का?"

यंत्र तिच्या बाजूने बोललं याचा तिला आनंद झाला. मी समजावलं की ही मातीतली हवा आहे, आबांचा त्यात काही संबंध नाही. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हवा त हवा. पन कोनाची?"

खरं सांगायचं तर त्या आवाजाजवळ मी एकटी थांबत नाही. यंत्राचे आकडे उतरवून घेतले की निघते.

वरच्या अंगाच्या पाझर तलावातला गाळ यंदा काढलाय. नाल्याचं पाणी त्यात वळवणार आहेत. गावात सगळे खूश आहेत. भटू आता शेजारचं वावर करतो. तुला आठवत असेल तेव्हा तो कॉलेजात होता, आता चुडामणचा तो धाकटा भाऊ वाटतच नाही, कानाजवळचे केस पांढरे झालेत. तो आपल्या घरी येत नाही. बांधावर समोर आला तर मान फिरवून जातो. आई त्याच्या पाठीकडे बघत राहते.

माझं काम चांगलं चाललं आहे. गणित जमत आलंय. लवकरच त्या दिवसाचंही मांडता येईल.

तू फक्त एका ओळीत लिही. वावरात पाणी होतं की नव्हतं.

ज्योत्स्ना

घरी
१८ ऑगस्ट

भाऊ,

आज भटू वाचला. आधी हे लिहिते, बाकीचं मागून.

आठवडाभर पाऊस झाला. तलाव भरला आणि पाणी खालच्या पडीक जमिनीवर पसरलं. मी सकाळी आकडे घ्यायला गेले तर आपल्या विहिरीवरचे पत्रे थरथरत होते. एक दगड घसरून खाली पडला होता. खालून येणाऱ्या हवेत कुजल्यासारखा वास होता. तेवढ्यात केळीपलीकडे मला भटू दिसला. त्याचीही विहीर आपल्यासारखीच, कोरडी आणि तळात बोअर. पाइपाचा जोड सुटला होता. कंबरेला दोर बांधून तो उतरायच्या बेतात होता, आणि दोन मजूर दोर धरून उभे होते.

मी केळीतून धावत गेले. उतरू नको म्हटलं.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "इहिरीत कसं उतराचं, हे तुमच्या घरच्यानं मले शिकवू नये."

मी सोबत आणलेलं प्राणवायू मोजायचं यंत्र दोरीला बांधून आत सोडलं. ते कर्कश वाजायला लागलं. भटू म्हणाला की पावसात यंत्रं अशीच बिघडतात. त्याने विहिरीच्या भिंतीतल्या पहिल्या लोखंडी कडीवर पाय ठेवला.

माझ्यामागून आई आली होती. तिने मजुराला खोपीतून कंदील आणायला पाठवलं, स्वतः पेटवला, दोराला बांधला आणि भटूच्या पायाजवळून विहिरीत सोडला. ज्योत आधी पिवळी होती. मग आखडली. मग एका बाजूला कलली आणि गेली. धूरसुद्धा वर आला नाही. आईने कंदील ओढला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. त्याच जागी विझला. भटूने पाय काढून घेतला. कंबरेच्या दोराची गाठ त्याला सोडता येईना, मजुराने सोडून दिली.

आईने कंदील उचलला आणि आपल्या विहिरीकडे चालू लागली. आम्ही सगळे तिच्यामागे गेलो. तिने पत्रे काढायला लावले. इतक्या वर्षांनी मी त्या विहिरीत ऊन पडलेलं पाहिलं. लोखंडी कड्या, त्यातली एक वाकलेली, खाली अंधार. आईने सोडलेला कंदील त्या वाकलेल्या कडीच्या वरच विझला.

मग आईने भटूला तुझ्याबद्दल विचारलं, "माहा हितू कुठलोक उतरला होता?"

भटू त्या दिवशी काठावर होता. त्याने सगळं पाहिलं होतं. त्याने खाली बोट दाखवलं.

"वाकल्या कडीच्या खाली," तो म्हणाला. "खालीच गेल्ता तो. चुडाभाऊचा सदरा धरला होता त्यानं. मंग त्याचाच हात सुटाले लागला. कसा वर आला, त्याले भी माहीत नसीन. मी कोनाले सांगितलं नाही. माहा भाऊ मेला होता, काकू. मले कोनावर तरी राग धरनं होतं."

आईने पदर डोक्यावर घेतला आणि घरी गेली. आज दुपारी ती विहिरीवर बसायला गेली नाही.

तू चुडामणपर्यंत पोचला होतास हे तू कधीच का सांगितलं नाहीस?

आता दुसरी गोष्ट. मागच्या पत्रात काम चांगलं चाललंय असं लिहिलं, ते खरं नव्हतं. माझं गणित तुझ्या बाजूने बोलत नव्हतं. यंदाचा पाऊस आणि तलाव घातला की सगळं बरोबर येतं, विहिरीतला दाब हुबेहूब जुळतो. पण त्या वर्षीचा त्या दिवसाचा पाऊस घातला की काहीच होत नाही. हवा मातीत जागच्या जागी राहते. विहीर स्वच्छ राहते. मी बटण दाबते, तो दिवस पुन्हा सुरू होतो, आबा उतरतात, आणि माझ्या गणितात त्यांना काही होत नाही. जोड आवळून ते वर येतात.

पहिल्यांदा तसं आलं तेव्हा मी प्रयोगशाळेत एकटीच होते. मला बरं वाटलं. मी ते पुन्हा चालवलं. मग पुन्हा. किती वेळा ते सांगत नाही. दर वेळी आबा वर येत होते. शेवटी चारुलता मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आज पुरे.

पण आबा वर आले नाहीत, भाऊ. म्हणजे त्या दिवशी जमिनीवर असं काही होतं जे माझ्याकडे नाही. आबा गेले, चुडामण गेला. आता ते फक्त तुला माहीत आहे.

ज्योत्स्ना

जळगाव, मेहरूण
९ सप्टेंबर

भाऊ,

तुझा फोन आला. तुझा आवाज आबांसारखा झाला आहे. फोन ठेवलास तोही त्यांच्यासारखाच, मध्येच.

तू सांगितलंस ते मी पुन्हा लिहून काढते, म्हणजे माझ्या ऐकण्यात चूक असेल तर तू सांगशील. पाऊस आपल्याकडे नव्हता, वर सातपुड्यात होता. सकाळी नाल्याला पूर आला. आबा म्हणाले, हे पाणी वाया चाललंय, वरच्या पडीक वावरात घे, बोअरला पाणी लागेल. तू फावड्याने बांध फोडलास आणि पाणी सगळ्या वावरभर पसरवलंस. दुपारी पाहिलंस तर पाण्यातून जागोजागी बुडबुडे येत होते. उकळी फुटावी तसे. तू म्हणालास, मला मजा वाटली, मी बघत उभा राहिलो. आणि तेव्हाच आबा पाइपाकडे गेले.

मग तू म्हणालास, "मले तवाच वाटलं होतं, ज्योती. वर आलो तवाच." आणि फोन ठेवलास.

मी ते पाणी गणितात घातलं. वावराचा आकार तूच सांगितला होतास, माती मी यंदा तपासलीच आहे. वरून पाण्याने जमीन झाकली गेली. हवेला वर वाट राहिली नाही. थोडी बुडबुड्यांनी फुटली, ती तू पाहिलीस. बाकीची खालच्या गोट्यांतून आडवी सरकली, थराथराने, आणि विहिरीच्या भिंतीतून आत आली. मुळांनी आणि कुजलेल्या पाल्याने प्राणवायू खाऊन टाकलेली ती हवा जड असते. तळात साचते, मग पाण्यासारखी वर चढते. आबा पाइपाकडे गेले तोवर ती वाकलेल्या कडीच्या वर आली होती.

या वेळी ते वर आले नाहीत.

मी संगणक बंद केला आणि इथल्या मेहरूण तलावाकडे चालत गेले. लोक फिरायला आले होते, मुलं भेळ खात होती. तुला अर्धंच लिहावं असं माझ्या मनात आलं. तू पळून आला नाहीस, जाऊ नये तितकं खाली गेला होतास, तिथून कोणी परत येत नाही आणि तू आलास. हे सगळं खरं आहे आणि एवढंच लिहून पत्र संपवता आलं असतं. पण पाणीही तूच सोडलं होतंस, आणि ती हवा त्या पाण्याने ढकलली होती. हेही खरं आहे. मी ते झाकलं असतं तर तू ओळखलं असतंस. गावाच्या बोलण्यामुळे तू गेलास असं मला इतकी वर्षं वाटत होतं. तू त्या बुडबुड्यांमुळे गेलास, हो ना?

मी सांत्वन करत नाही, मला जे ठाऊक आहे तेच लिहिते. पाणी मुरवणं चांगलं, हे आबांनी तुला सांगितलं, आबांना सगळ्यांनी सांगितलं. त्या हवेबद्दल गावात कोणालाच माहीत नव्हतं. या विषयात इतकी वर्षं घालवलेल्या मला ती गेल्या वर्षापर्यंत माझ्या गणितात सापडत नव्हती. फावडं घेऊन बांधावर उभा असलेल्या तुला ती कशी दिसणार होती? तुला बुडबुडे दिसले. त्याचा अर्थ सांगणारं तिथे कोणी नव्हतं.

मी हे आईला सांगितलं. शनिवारी घरी जाऊन, समोर बसून. पाणी हितूभाऊने सोडलं होतं, असं म्हणाले. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. ताट संपल्यावर ती उठून आत गेली आणि चूल पेटवली. मी रविवारी निघेपर्यंत ती त्यावर एक शब्द बोलली नाही. तिच्या मनात काय आहे ते मला खरंच कळलं नाही, आणि तुला खोटा धीर देणार नाही.

निघताना बांधावर भटू भेटला. हातात लाल रंगाचा डबा होता. त्याच्या, आपल्या आणि त्यापुढच्या विहिरींवर त्याने मोठ्या अक्षरात लिहिलंय, तलाव भरल्यावर आत उतरू नये. तुझा पत्ता मागत होता. मी दिला नाही. तुला विचारून देईन.

ज्योत्स्ना

घरी
२ ऑक्टोबर

भाऊ,

आई सांगते आहे आणि मी लिहिते आहे. तिने बजावलंय की माझ्या मनाचं काही घालायचं नाही. तिचे शब्द आहेत तसे ठेवते.

हितू,

ज्योतीनं मले सांगितलं त्याच्या आधीपासून मले ते माहीत होतं. मी दारापुढच्या वट्यावर बसली होती तवा. तुह्या बापानं तुले हाक मारून सांगितलं, पानी घे वावरात. तू म्हने जेवून जातो, तो म्हने आधी पानी. मी आयकलं. मी भी म्हटलं नाही का जेवू द्या पोराले. पान्यानं काही वाईट होईन असं कोनालेच वाटत नाही.

मी तुले तवा इचारलं, तू काहून वर आला. मी चुकली असं मी म्हननार नाही. दोन मानसं आडवी होती, मले कोनाले तरी काही तरी इचारनं होतं, अन् उभा असा तूच होता. पन तू त्याचं उत्तर देत बसला इतकी वर्षं, धुळ्याले जाऊन. मी उत्तर मागितलंच नव्हतं रे.

ज्योती म्हनते ती हवा आहे. मी यंत्र पाह्यलं, कंदील माह्या हातानं सोडला, मले पटते. तरी दुपार झाली का पाय तिकडेच जातात. मी बसते. त्याले सांगते, केयीचा घड निसवून बाहेर आला, भटूनं चहा पेला आपल्या घरी. तो आयकतो का हवा आयकते, मले त्याचं काही नाही. पन आता मी तुह्या नावानं त्याच्यापाशी रडत नाही. तू त्याच्यासाठी किती खाली गेल्ता, ते मी त्याले सांगितलं.

तू वर आला म्हनून मले एक पोरगा आहे. इतकं साधं मले कोनी सांगितलं नाही, अन् मले भी सुचलं नाही.

आता दिवाळीले ये. अंधार पडल्यावर येऊ नको, अन् मागच्या पायवाटेनं, वावरातून भी येऊ नको. दिवसाउजेडी ये. एसटीतून फाट्यावर उतर, अन् गावातल्या मोठ्या रस्त्यानं, सगळ्यांच्या दारासमोरून चालत ये. मी फाट्यावर येऊन उभी राहीन. तुह्या संग चालीन. लोकांले पाहू दे.